डाव्या हाताचा व्यायाम

साडूंच्या मेंदूला डॉक्टरांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि मास्तरांची झोप उडाली.

मास्तर म्हणजे शिंपी मास्तर. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशापुरता. दुकान दोघा साडूंचं. मास्तर कापड बेतायचे, कापायचे. साडू मशीनवर शिवायचे. मोठी कात्री मास्तरांच्या हाती, म्हणजे दुकानातला मानही मास्तरांचा. साडूंना चक्कर आली म्हणून ते दवाखान्यात काय गेले, डॉक्टरांनी त्यांची स्मरणशक्तीच तपासली. आता कुणी साधी बटणं लावून घ्यायला आलं तरी साडू सुरू व्हायचे, "डॉक्टर म्हणाले, या वयात असा मेंदू बघायला मिळत नाही."

घरी बायकोचंही तेच. "भावोजी बघा! नाहीतर तुम्ही. चष्मा कपाळावर आणि शोधायला घर डोक्यावर!"

मास्तरांचा नुसता जळफळाट झाला. साडूंचा मेंदू त्यांना चांगला ठाऊक होता. बाही उलटी जोडणारा मेंदू तो!

"मेंदूला रोज नवं काम द्यायचं, साडूभाऊ," मशीन थांबवून साडू उपदेश करायचे. "डाव्या हाताने दात घासायचे. घरी वेगळ्या वाटेने जायचं. चार अनोळखी माणसांशी बोलायचं."

"माझ्या मेंदूला कामं कमी नाहीत," मास्तर फणकारले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी गुपचूप सगळं सुरू केलं. साडूंचा सल्ला ऐकला हे कळलं असतं तर साडूंची मान आणखीच ताठ झाली असती, म्हणून घरातही अवाक्षर काढलं नाही.

डाव्या हाताने घासलेली पेस्ट मिशीला लागली. डाव्या हाताने उचललेला चहा सदऱ्यावर सांडला. सदरा बदलला, तर डाव्या हाताने लावलेली बटणं एकेक घर चुकली. बायको दारात उभी राहून बघत होती. संध्याकाळी मास्तर मुद्दाम उलट्या दिशेने निघाले, तेव्हा समोरून शेजारीण आली.

"मास्तर, कुठे निघालात?"

"घरी."

"अहो, घर तिकडे राहिलं!"

"माहीत आहे," म्हणत मास्तर तसेच पुढे गेले.

पुढे बसथांब्यावर त्यांनी अनोळखी माणसांना गाठलं. बोलायला विषय सुचेना, तेव्हा जे येत होतं ते बोलले. एका लठ्ठ गृहस्थांना नखशिखान्त न्याहाळून म्हणाले, "कंबर चव्वेचाळीस." गृहस्थ घाबरून समोर आली त्या बसमध्ये चढले, ती त्यांची बस नव्हती.

ही सगळी बातमी मास्तरांच्या आधी घरी पोचली. शेजारणीने सांगितलं, बायकोने बहिणीला फोन केला आणि साडू सकाळी दुकान उघडण्यापूर्वीच मास्तरांच्या घरी हजर झाले.

"तुम्ही आता जरा विसावा घ्या, साडूभाऊ," ते मऊ आवाजात म्हणाले. "डॉक्टर सांगेपर्यंत कात्री मी सांभाळतो."

 ती कात्री मास्तरांनी आजवर कुणाला धार लावायलाही दिली नव्हती!

त्याच दिवशी मास्तरांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांच्या पुढ्यात कागद सरकवला. "घड्याळ काढा. सगळे आकडे, दोन काटे."

बाजूला बायको आणि साडू बसले होते. साडूंनी हेच घड्याळ उजव्या हाताने काढलं होतं. आपण डाव्याने काढून दाखवलं तर? मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी पेन्सिल डाव्या हातात घेतली.

घड्याळाचा बटाटा झाला. सहा आणि सात बाहेर पडले, मोठा काटा कागदाच्या कडेला जाऊन टेकला. डॉक्टर गंभीर झाले. बायकोने डोळे पुसले.

"कात्रीची काळजी करू नका," साडू पुटपुटले.

मास्तर ताडकन उठले. पेन्सिल उजव्या हातात घेऊन एका झटक्यात त्यांनी असं गोल घड्याळ काढलं की डॉक्टर बघतच राहिले. मग साडूंकडे वळून ते म्हणाले, "छाती अडतीस, पोट बेचाळीस. मागच्या वर्षी पोट चाळीस होतं!"

"मग आधी हे काय काढलंत?" डॉक्टरांनी बटाट्यावर बोट ठेवलं.

नाइलाजाने मास्तरांनी सगळं कबूल केलं. बायकोला रडावं की हसावं कळेना. शेवटी ती हसली.

"मेंदू ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "झोप कशी आहे?"

"कशी लागणार? हे पैकीच्या पैकी शेजारी बसून मशीन चालवतात ना!"

"बाकी काही करू नका, पण हे जळणं थांबवा. झोप गेली की मेंदूचे हाल होतात." डॉक्टरांनी पहिला कागद पुन्हा उचलला. "पण उजव्या हाताच्या माणसाने या वयात डाव्याने एवढं काढलेलं मी पाहिलं नव्हतं."

साडूंचा चेहरा पडला. त्यांनी तो कागद मागून घेतला आणि बराच वेळ निरखला.

दुसऱ्या दिवशी मास्तर कात्री घेऊन कापडापुढे उभे होते. कधी नव्हे ते साडू उशिरा आले. सदऱ्याची बटणं एकेक घर चुकलेली होती आणि मिशीला पांढरं काहीतरी लागलं होतं.

"उशीर झाला?"

"जरा वेगळ्या वाटेने आलो," साडू म्हणाले आणि खाली मान घालून मशीनवर बसले.

मास्तर पुन्हा कापडाकडे वळले. त्या दुपारी मशीनच्या खडखडाटातही त्यांना गाढ झोप लागली.