मूल्यमापकबाईंची स्वारी आणि तीन बोटांची फत्ते

शके एकोणीसशे अठ्ठावीस, व्ययनाम संवत्सर, महिना मार्गशीर्ष. मुंबईच्या उत्तरेस खाडीच्या अलीकडे मिरा-भाईंदर म्हणोन मुलूख, त्यात भाईंदर पूर्वेस जेसल पार्क हे ठाणे नामांकित. तेथे गिरगाव-दादरची कुटुंबे येऊन इमारतींत वसली आणि पाहुण्यांस इकडची हवा चांगली ऐसे सांगू लागली. ऐशा ठिकाणी एक मंडळ, एक मूल्यमापक आणि एक स्टीलची डबी यांचे निकराचे युद्ध जाहले. त्याची हकीकत वडिलांनी विचारली नाही आणि धाकटे ऐकणार नाहीत, तथापि जाहली गोष्ट बुडू नये म्हणोन साद्यंत लिहिली आहे.

मोहिमेच्या मुखत्यार अखंडितलक्ष्मीअलंकृत वासंतीबाई, अध्यक्षा, नवजागृती व्यसनप्रतिबंधक महिला मंडळ. बाईंचे वय साठीच्या अलीकडे, आवाज चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यास पोहोचणारा. गिरगावी असता कोणाच्या घरी बारसे असो की भांडण, बाईंस विचारल्याखेरीज पान हलत नसे. जेसल पार्कास आल्यावर लिफ्टमध्ये शेजारी हसून मान हलवीत, येवढाच दरारा उरला. मग बाईंनी बहुत विचार करून मंडळ स्थापिले आणि खारी गावचे रिक्षावाले जे जेसल पार्काच्या स्टँडावर गुटख्याच्या पिचकाऱ्या मारीत, त्यांजवर मोहीम पुकारली.

मोहीम दोन वर्षे चालली. पथनाट्ये जाहली, त्यांत यमाचे काम बाईंचे यजमान दशरथराव खुद्द करीत आणि रेडा मिळेना म्हणोन स्कूटरवरून येत. फलक लागले, शपथा जाहल्या आणि प्रत्येक शपथेमागून चहा आणि वडापाव जाहले. मग आल्या माणसाचे तोंड तसेच जाऊ नये ही घरंदाज रीत म्हणोन शेवटी स्टीलच्या डबीतून सुगंधी सुपारी फिरविण्याचा शिरस्ता पडला. मंडळाच्या बैठकांतही डबी फिरे. बाई स्वतः वडापाव चिमटीने तुकडे मोडून खात, आणि आ करून खाणे आमच्या गिरगावच्या रीतीत बसत नाही ऐसे इतरांस ऐकवीत.

मुंबईच्या एका धर्मादाय न्यासाने मंडळाचा उत्साह पाहून दातांच्या तपासणीची मोटार दर रविवारी खारीच्या नाक्यावर धाडावी ऐसा ठराव केला होता. मोटार येई, आत डॉक्टर बसे, रिक्षावाले रांग धरीत आणि बाई छत्रीखाली उभ्या राहून रांग सरळ करवीत. मंडळातील एकही बाई त्या रांगेत कधी उभी राहिली नाही, कारण मोटार त्या लोकांसाठी होती आणि आपण ते लोक नव्हे, याविषयी कोणाच्या मनात किंतु नव्हता.

ऐसे सारे यथास्थित असता न्यासाकडून खलिता आला. मजकूर येणेप्रमाणे की, दोन वर्षे मोटार धाडिली, तिचा आणि मोहिमेचा उपयोग काय जाहला तो त्रयस्थ मूल्यमापकाकडून पाहून फाल्गुनाअखेर कळवावे, न कळविल्यास मोटार दुसऱ्या गावी जाईल. खलिता वाचताच बाईंच्या पायांखालची फरशी सरकली. मोटार गेली तर मंडळ गेले, आणि मंडळ गेले तर बाई पुन्हा लिफ्टमधल्या मानेपुरत्या उरणार, हे त्यांनी कोणास बोलून दाखविले नाही, परंतु त्या रात्रीची भाजी अळणी जाहली.

मग दिवाणखान्यात मसलत बसली. मूल्यमापक म्हणजे काय जिन्नस याची कोणास खबर नव्हती. कोणी म्हणाले परीक्षक, कोणी म्हणाले सरकारी माणूस, आणि उपाध्यक्षा ममताबेन यांनी तो इन्कमटॅक्सवाला असावा ऐसा संशय घेऊन कानांतील कुड्या पदराआड केल्या. या कामगिरीचा विडा कोण उचलतो म्हणोन तबक मांडावे तर मंडळ व्यसनविरोधी. यास्तव तबकात विड्याऐवजी सुपारीची डबी ठेविली, आणि दशरथरावांनी पुढे होऊन ती उचलिली, चिमूटभर तोंडात टाकिली आणि आमचा पंढरीनाथ आहे की, ऐसे जाहीर केले.

पंढरीनाथराव म्हणजे दशरथरावांचे मावसभाऊ, बँकेतून निवृत्त, उभी हयात दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई ओढण्यात गेलेली. त्यांनी स्टँड न पाहता, रिक्षावाला न पाहता, पुण्यास आरामखुर्चीत बसून अहवाल लिहिला की मोहीम अत्यंत यशस्वी असून वहिनींच्या हातचे मोदकही उत्तम असतात. अहवाल न्यासाकडे रवाना जाहला आणि उलट टपाली परत आला. आप्तस्वकीय चालणार नाहीत ऐसा सक्त हुकूम सोबत होता. मोदकांविषयी न्यासाने काही कळविले नाही.

मग अंधेरीहून एक टायवाले सल्लागार आणविले. त्यांनी भिंतीवर पडदा लावून चौकटी आणि बाण दाखविले, चौकटीतून बाण निघून दुसऱ्या चौकटीत शिरे आणि तेथून तिसऱ्या. बायका बहुत वेळ मान डोलावीत बसल्या. अखेर बाईंनी विचारिले की यात आमचे रिक्षावाले कोणत्या चौकटीत बसले आहेत. सल्लागारांनी ते पुढच्या टप्प्यात येतील ऐसा खुलासा केला, आणि मंडळाने त्यांस सुपारी देऊन निरोप दिला.

फाल्गुन जवळ येत चालला. बाईंचा जीव टांगणीस लागला. तेव्हा समाजकार्याच्या महाविद्यालयात शिकविणाऱ्या सुचेताबाईंचे नाव कोणी काढिले. बाई जातीने भेटीस गेल्या, आणि सुचेताबाईंनी पहिल्याच बैठकीस ऐसा सवाल टाकिला की मोहिमेच्या आरंभी किती माणसे गुटखा खात होती. मंडळाने नाटके मोजिली होती, फलक मोजिले होते, वडापाव तर हिशेबाने मोजिले होते. खाणारी माणसे मोजावी हे मात्र कोणास सुचले नव्हते. सुचेताबाईंनी सुस्कारा टाकिला आणि मला आरंभीच बोलवायचे होते, लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला आणता काय, ऐसे स्पष्ट ऐकविले. बाईंस राग आला, आणि राग गिळून त्यांनी दुसरा चहा मागविला.

मग तहनामा ठरला. कलमे येणेप्रमाणे: कोणास काय विचारावे ते सुचेताबाई ठरवितील; त्या वेळी मंडळाचे माणूस आसपास फिरकणार नाही; आणि जे निघेल ते, गोड असो की कडू, तसेच लिहिले जाईल. बाईंनी तिन्ही कलमांस मान्यता दिली. गिरगावात ऐशी कलमे पुष्कळ ऐकिली होती, आणि तेथे ती कोणी पाळीत नसे.

सुचेताबाईंची स्वारी येणार म्हणोन मंडळाने जंगी तयारी केली. स्टँडावर रांगोळी घातली, शाल-श्रीफळाचे तबक सजविले, आणि रिक्षावाल्यांस आदल्या संध्याकाळी जमवून उत्तरे पाठ करून घेतली. गुटखा हा शब्द निघताच साऱ्यांनी एका सुरात छी म्हणावे ऐसे ठरले. परंतु मूल्यमापकबाई त्या दिवशी जेसल पार्कास आल्याच नाहीत. त्या परस्पर काशीमीऱ्यास उतरल्या, जेथे मंडळाने कधी पाऊल ठेविले नव्हते, आणि तेथील गॅरेजांतून मेकॅनिक आणि रिक्षावाल्यांस विचारीत हिंडल्या, की मोहीम न पोहोचल्या मुलुखात काय हाल आहे तो आधी कळावा. इकडे श्रीफळ उन्हात तापले, रिक्षावाले छी म्हणण्यासाठी दुपारपर्यंत थांबले, आणि धंदा बुडाला म्हणोन दशरथरावांच्या अंगावर धावून गेले.

पुढे सुचेताबाई न कळविता खारीस आल्या आणि जो भेटेल त्याशी बोलू लागल्या. सोबत एक युक्ती आणिली होती, ती मोटारीच्या डॉक्टरांकडून शिकलेली. माणसाने आपलीच तीन बोटे उभी जोडावी आणि तोंडात घालावी. गेली तर दरवाजा शाबूत. न गेली तर सुपारीने आतून चामडे आवळीत आणिले ऐसे समजावे आणि डॉक्टर गाठावा. शिवा नामे रिक्षावाला, खारीचाच भूमिपुत्र, मोहिमेत शपथ घेणारांत पहिला. त्यास विचारिले तो मोठ्या अभिमानाने सांगता जाहला.

"गुटखा सोडला ना बाई! मंडलाची शपथ हाय, खोटं कशाला बोलू? आता हीच खातोय, त्यांची सुपारी. गोड हाय, वास पन मस्त मारतो. घरी पोरीला पन देतो, ती शाळेत नेते मैत्रिनींना."

त्याची तीन बोटे गेली नाहीत. दोन गेली, तीही तिरपी.

मग फाल्गुनात दरबार भरला. सुचेताबाई मध्ये बसल्या, मंडळ भोवती बसले, आणि शिरस्त्याप्रमाणे चहामागून डबी फिरू लागली. सुचेताबाईंनी निष्कर्ष वाचिला. जेसल पार्कास गुटखा खाणारे काशीमीऱ्याहून कमी आहेत, ही गोष्ट खरी. येथे टाळ्या पडल्या. परंतु सुगंधी सुपारी खाणारे काशीमीऱ्याहून बहुत अधिक आहेत, आणि बहुतेकांस तिची गोडी मंडळाच्या कार्यक्रमांतून लागली आहे. टाळ्या वाजवून उंचावलेले हात तसेच राहिले. ममताबेनच्या हाती त्या क्षणी डबी होती.

"अरे, आ तो मुखवास छे!" त्या म्हणाल्या. "मुखवासमां शुं वांधो?"

"तंबाखू नसली तरी सुपारीनंच तोंड आवळतं, ममताबेन," सुचेताबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही ती शपथेमागोमाग वाटताय."

मग वासंतीबाई उठल्या. दोन वर्षे ज्यासाठी घसा फोडिला, उन्हातान्हात रांगा सरळ केल्या, त्याचे फळ आपल्याच डबीतून लोकांच्या पोरींपर्यंत गेले, हे ऐकून त्यांचे कान तापले, आणि माणूस चूक मान्य करण्याआधी जे करितो तेच त्यांनी केले, म्हणजे रागावल्या. हे असे लिहून धाडाल तर मोटार जाईल, ऐसे त्या कडाडल्या. आम्ही रोज खातो, आमचे काय वाईट जाहले ते दाखवा, ऐसेही म्हणाल्या.

"दाखवते," सुचेताबाई म्हणाल्या. "तीन बोटं लावा ना, वासंतीताई. तुमचीच."

बाईंनी सर्वांदेखत तीन बोटे जोडिली आणि तोंडाशी नेली. ती ओठांशी अडली. बाईंनी जोर केला, डोळ्यांत पाणी आले, बोटे आत जाईनात. दोन लाविली, ती कशीबशी शिरली. दशरथराव, ज्यांनी यमाचे काम पंधरा ठिकाणी केले होते, खुर्चीत बसल्या जागी पांढरे पडले. बाईंस तेव्हा आठवले की जांभई पुरी देता येत नाही याला वर्ष-दीड वर्ष जाहले, पाणीपुरी सोडून किती दिवस जाहले, आणि तिखट आमटी जिभेस झोंबते म्हणोन घरात मिरची कमी केली. साऱ्याला त्यांनी गिरगावची रीत ऐसे नाव दिले होते.

अखेर बाईंनी बोटे पदरास पुसली आणि हुकूम फर्माविला की अहवालातला एक शब्दही फिरवू नये, आणि त्यात अध्यक्षेचे तोंड दोन बोटे ऐसे वेगळे लिहावे. दशरथरावांनी अध्यक्षेचे नाव गाळता येईल काय ऐसे पुसले. बाईंनी त्यांजकडे ऐशा नजरेने पाहिले की गिरगावची चाळ आठवावी.

पुढल्या रविवारी मोटार खारीच्या नाक्यावर आली. छत्री घरी ठेवून बाई रांगेत उभ्या राहिल्या, शिवाच्या मागे. शिवा वळून म्हणाला, "बाई, तुमी पुढं जावा ना, तुमाला कशाला रांग?" बाई जागच्या हलल्या नाहीत. डॉक्टरांनी तपासून सांगितले की आवळले ते सारे मोकळे होईल ऐसा भरवसा नाही, परंतु आजपासून सुपारी बंद केली तर पुढे आवळणे थांबेल, व्यायामाने थोडे सैलही होईल, आणि तपासणीस मात्र येत राहावे. बाईंनी मान हलविली आणि बाहेर येऊन स्टँडावर गेल्या. यम नव्हता, नाटक नव्हते. त्यांनी साऱ्या रिक्षावाल्यांदेखत तोंड उघडिले आणि दोन बोटे लावून दाखविली, आणि ही सुपारी मी वाटली, माझी चूक जाहली, ऐसे सांगितले. मोठा आवाज बाईंच्याने निघाला नाही, तरी मागच्या रिक्षापर्यंत ऐकू गेले.

शिवाने खिशातली सुपारीची पुडी काढिली, थोडा वेळ हातात धरिली आणि बाईंच्या हाती दिली.

"माज्या पोरीचं तोंड बघाल का तुमी?" तो म्हणाला. "बारा वर्षांची हाय."

शिवाने पोरीस घरून आणिले आणि बाईंनी पाहिले. पोरीची तीन बोटे सहज गेली. बाई तेथेच फुटपाथावर बसल्या आणि पोरीचा हात धरून बहुत वेळ रडल्या.

न्यासाने अहवाल वाचून मोटार आणखी एक साल कायम केली, शर्त येवढीच की मूल्यमापकबाई पहिल्या दिवसापासून सोबत राहाव्या आणि मंडळाने नाटकांऐवजी माणसे मोजावी. पंढरीनाथरावांनी अभिनंदनाचे पत्र धाडिले, त्यात मोदकांची आठवण केली होती.

येणेप्रमाणे मोहीम सिद्धीस गेली. तिचा झाडा ऐसा: शत्रूकडून हस्तगत स्टीलची डबी एक, ती घासून तीत बडीशेप भरिली. शत्रूचा मुलूख अद्याप बहुत बाकी. आमचेकडून जखमी एक, खुद्द सेनापती. जखम भरत नाही, परंतु वाढतही नाही, आणि बाई दर रविवारी रांगेत असतात. हे लिहिले ते खरे, सुचेताबाईंनी तपासले आहे.