रहांगडालेजी, बीए पहिलं वर्ष

रहांगडालेजी नव्या माणसाला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न एकच: "बारावी पास हाये का जी?" चहावाल्याला विचारून झालं, पोस्टमनला झालं, एकदा कॉलेजच्या पाहणीला आलेल्या साहेबालाही विचारलं. साहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मी त्या कॉलेजचा प्रवेशाच्या खिडकीवरचा बाबू. पंचवीस वर्षं एकाच खुर्चीत बसून कंबर गेली, चष्म्याचा नंबर वाढला, आणि आता कोणाचा उत्साह बघितला की मला वैताग येतो. रहांगडालेजींचा तर फारच. साठीचा माणूस, नागऱ्याकडच्या राइस मिलमध्ये वजनकाट्यावर बसणारा. पण दरवर्षी प्रवेश सुरू झाले की सायकल भिंतीला टेकवून खिडकीत डोकं घालणार. "बाबू, औंदा कोणता विषय कमी पडून राहिला?"

कमी म्हणजे पोरं कमी. ठरलेला आकडा भरला नाही तर तो विषय त्या वर्षी बंद. आलेल्या पोरांना दुसऱ्या विषयात ढकलायचं, झालं काम. जिथे एक कमी, तिथे रहांगडालेजी आपलं नाव घालतात. असे ते अकरा वर्षं बीएच्या पहिल्याच वर्षात आहेत.

तत्त्वज्ञान झालं, अर्थशास्त्र झालं, पाली झालं. गृहअर्थशास्त्रात सगळ्या पोरींत हा एकटा बाप्या. प्रात्यक्षिकाला यांनी केलेली भाजी बाईंनी डबा भरून घरी नेली. मानसशास्त्राचे सर मला म्हणाले, "वर्गात रोज येणारे हेच एक आहेत, त्यांना काही बोलू नका." तास एक चुकवत नाहीत, पण परीक्षेला बसत नाहीत.

"काऊन हो?" मी एकदा विचारलंच.

"पास झालो त दुसऱ्या वर्सात जावं लागन नं जी. मंग पयल्यात कोन बसन?"

बाप्पा! आता याला काय म्हणावं? मी खिडकी लावून चहाला गेलो.

यंदा शेवटच्या दिवशी भूगोल दोनने कमी होता. शेजारच्या गोरेगावहून एसटीनं आलेली एक पोरगी सकाळपासून बाकावर बसून होती. भूगोलच पाहिजे, नाहीतर घरी जाते, असं तिचं म्हणणं. तिला धरूनही दोन कमीच. रहांगडालेजींनी आपला फॉर्म भरला. राहिला एक. मग हा माणूस फाटकाबाहेर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत सुटला. रिक्षावाला दहावी नापास निघाला. झेरॉक्सवाला म्हणाला, "अरे काका, टाइम किसके पास है?" पाच वाजत आले तेव्हा ते घामानं निथळत परत आले आणि खिडकीचे गज धरून उभे राहिले.

माझं डोकं उठलं. "जाऊ द्या ना! घेईल ती दुसरा विषय. तुम्हाला कायले एवढी पडली आहे?"

"माही वंदू बी अशीच बसली होती जी, याच बाकावर. बारा वर्सं झाले. तिले बी भूगोलच पाहिजे होता. मिलच्या कागदाच्या पाठीमांगं नकाशे काढे पोट्टी. बाबूनं सांगतलं, एक कमी हाये, विषय बंद. घरी आली, मंग कालेजात गेलीच नाही. दिवाळीनंतर लग्न लावून देलं. बालाघाटकडे राहते. आता काईच काढत नाही."

मला वंदू आठवेना. बाबू मात्र मीच. त्या खिडकीत दुसरं कोणी बसलेलंच नाही.

"नियम आहे हो," मी पुटपुटलो.

"तुमची काई चूक नाही, बाबू. मी तिच्या बाजूलेच उभा होतो. मी बी बारावी पास होतो. मले सुचलंच नाही."

मग अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं, "तुमी बारावी पास हाये का जी?"

मला स्वतःची लाज वाटली. मी एक कोरा फॉर्म ओढला, त्यावर माझं नाव लिहिलं. प्राचार्य साहेब काय म्हणतील ते उद्या बघू. मग बाकाकडे बघून हाक मारली, "ये गं बाई. भूगोल चालू आहे."