मोहन पडतो तेव्हा

आमच्या मोहनला वळसा घालणं माहीत नाही. दारात दोन माणसं बोलत उभी असली, की तुम्ही-आम्ही ‘एक्सक्यूज मी’ म्हणतो, नाहीतर उगाच खोकतो. मोहन डोकं खाली घालतो, खांदा पुढे काढतो आणि दोघांच्या मधून आरपार जातो. मग मागे फिरून दोघांना सावरतो आणि म्हणतो, "सॉरी, मेट." लीड्सच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत, त्याने खजिनदारांना असंच कोशिंबिरीत बसवलं होतं. ते अजून आमच्याशी बोलत नाहीत. खरं सांगायचं तर माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

मोहन माझा धाकटा दीर. जन्म लीड्सचा, वाढ लीड्सची, भूक मात्र थेट साताऱ्याची. आठवडाभर कौन्सिलच्या ऑफिसात बसून लोकांच्या गळक्या नळांच्या तक्रारी फोनवर ऐकतो, तेही इतक्या मऊ आवाजात, की पलीकडच्या म्हातारीला वाटावं, नळ याच्याच घरात गळतोय. आणि रविवारी अमेरिकन फुटबॉल खेळतो. हो, यॉर्कशरमध्ये! दोन हजार साल उलटल्यावर मी लग्न होऊन पुण्याहून इथे आले, तेव्हा नवऱ्याने नुसतं "भाऊ फुटबॉल खेळतो" एवढंच सांगितलं होतं. मी माहेरी फोन करून कौतुकाने कळवलंसुद्धा. पुढे मैदानावर जाऊन बघते, तर बॉलला पाय लावायची कुणाला फारशी घाईच नाही.

"मी रनिंग बॅक आहे, वहिनी," त्याने पहिल्याच आठवड्यात मला जेवणाच्या टेबलावर समजावलं. वाट्या म्हणजे त्याची माणसं, भांडी म्हणजे समोरची, आणि लिंबाची फोड म्हणजे तो स्वतः. "क्वार्टरबॅक बॉल माझ्या पोटात देतो. मग मी पळतो."

"कुठे?"

"सरळ."

"अरे, पण समोर एवढी भांडी आहेत!"

"हो ना. त्यांच्यातच," असं म्हणून त्याने लिंबाची फोड आमटीच्या पातेल्यावर आदळली. माझ्या रुखवतातला टेबलक्लॉथ गेला.

"फोर यार्ड्स" हा त्याचा मंत्र. दर वेळी चार यार्ड पुढे सरकायचं, बाकीचं आपोआप होतं म्हणे. मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाले. "फोर यार्ड्स, वहिनी." नवऱ्याची नोकरी गेली. "फोर यार्ड्स, दादा." दादाने उशी फेकून मारली.

पण खेळायचा मात्र देखणा हं! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी सांगते. तीन-तीन दांडगे गडी त्याला लोंबकळायचे आणि हा आपला पुढे चाललेला, पोरं पदराला लटकलेली असताना बाई भाजी घेत फिरते तसा. शेवटी पडायचा, पण सगळ्यात आधी उठायचाही तोच. उठून समोरच्याला हात द्यायचा. "सॉरी, मेट." एकदा एडिनबराला एका व्यावसायिक संघाने त्याला चाचणीला बोलावलं. गेला तो नव्या बुटांत, परत आला तो खाली मान घालून. "पॉवर आहे म्हणाले. स्पीड नाही." त्यानंतर कितीतरी दिवस घरात ‘फोर यार्ड्स’ ऐकू आलं नाही.

त्याची एकच हौस होती, आईने एकदा तरी आपला खेळ बघावा. सासूबाई ठाम होत्या. "ती धक्काबुक्की मी नाही बघायची." पण एडिनबराहून आलेलं ते तोंड बघून त्या विरघळल्या. पुढच्या रविवारी स्वतःहून तयार होऊन बसल्या. साडी, त्यावर टोपीचं जाकीट, ते अनोरॅक, पायात ट्रेनर्स आणि पिशवीत ओवाळायचं तबक.

कारपार्कमध्ये त्यांनी मोहनला ओवाळलं. वाऱ्यात निरांजन राहीना, तरी हट्टाने ओवाळलंच. कुंकवाला तर हात अगदी सैल सोडला. पोरगा एवढ्या आडदांडांवर चाल करून जाणार, त्याला चिमूटभर कसं पुरेल? मोहनने त्या भल्यामोठ्या टिळ्यावर हेल्मेट चढवलं आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "दॅट्स माय मम." इतका खूश मी त्याला नंतर कधी पाहिला नाही.

त्या दिवशी ऊन कडक होतं. उत्तरार्धात मोहन बॉल घेऊन शिरला आणि पाच-सहा जणांच्या ढिगाऱ्याखाली गेला. एकेक जण उठला. सगळ्यात खाली मोहन, हेल्मेट निघालेलं, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड लालभडक. शेजारी बघते तर सासूबाई नाहीत! जिन्याच्या दोन पायऱ्या चढून थांबणारी ती बाई "मोहन, मोहन" करत मैदानाच्या मध्याकडे निघाली होती. खेळ थांबला. रेफ्रीने पिवळा फडका फेकला, म्हणजे दंड, तोही आमच्याच संघाला. आधी कुणीतरी एक हसलं, मग सगळेच. सासूबाईंना त्याचं भान नव्हतं. त्या पोचल्या, गवतात बसल्या आणि पदराने त्याचं तोंड पुसायला लागल्या.

आणि हा माणूस, जो खुर्चीला धक्का लागला तरी तिला सॉरी म्हणतो, तो आईवर ओरडला. "मम, गेट ऑफ द पिच! सगळे हसतात!"

सासूबाई हाताचा आधार घेऊन उठल्या आणि तेवढं मैदान एकट्या चालत परत आल्या. गाडीत पदराकडे बघत मला म्हणाल्या, "कुंकूच होतं गं. मीच लावलेलं."

त्या पुन्हा मैदानावर आल्या नाहीत. मोहन दर रविवारी बॅग खांद्याला लावून हॉलमध्ये घुटमळायचा. "आई, आज ऊन आहे."

"जा तू. माझे गुडघे दुखतात."

झालं. एक बोलायचा हवेबद्दल, एक गुडघ्यांबद्दल. जो शब्द हा गडी अख्ख्या यॉर्कशरला वाटत फिरायचा, तो घरात तोंडातून फुटेना. मला असा राग यायचा! "अरे, बोल ना एकदा तिच्याशी!" "बोलतो, वहिनी. नेक्स्ट वीक." सासूबाई एका हिवाळ्यात झोपेतच गेल्या. राहिलं ते राहूनच गेलं.

मोहन खेळतच राहिला. केस पिकले, पोट सुटलं, संघातली पोरं त्याला अंकल म्हणायला लागली. हा शेवटचा सीझन म्हणाला, म्हणून मी गेले. सुरुवातीलाच त्याला दोघांनी पाडलं. साधंच पाडलं, काही विशेष नाही. ते दोघे उठून गेलेसुद्धा, पण मोहन उठेना. आमच्या बाजूला तोंड करून तसाच पडून राहिला. फर्स्ट एडवाली मुलगी माझ्या शेजारीच उभी होती, तिने बॅगला हातही लावला नाही. मी तिला ढोसलं, तर म्हणते, "ही’ज ऑल राइट, लव्ह. ही ऑल्वेज डझ दॅट." आणि खरंच, थोड्या वेळाने उठला, गवत झटकलं आणि गेला जागेवर.

मॅच संपल्यावर गाडीशी बूट काढत बसला होता. मी फैलावर घेतला. "लागलं नव्हतं तर पडून कशाला राहतोस रे? इथे माझा जीव वरखाली!"

तो नाडीची गाठ सोडवत राहिला.

"आई येणार नाही, माहिती आहे मला, वहिनी," तो म्हणाला. "पण त्या दिवशी तिला माझ्यापर्यंत यायला जेवढा वेळ लागला ना, तेवढा मी थांबतो."