नख लागणारा ओटा

बोबडेकाकांच्या घरचा ओटा मी घासला आणि नाव मिस्त्रीचं सांगितलं. हे आधीच कबूल करतो, नाहीतर काकांवर हसता हसता माझं राहून जाईल.

काका मरोद्यात आमच्या शेजारी राहतात. कारखान्यात फिटर होते. कोणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरायचे आणि ओट्यावर नख ओढायचे. ग्रॅनाइटवर नख उमटत नाही. "अकडू दगड आहे," ते यजमानाला सांगत, "कोनाचं आयकत नाही." मग चहा घेत.

त्यांचा स्वतःचा ओटा सोपस्टोनचा, म्हणजे शंखजिऱ्याच्या राखाडी दगडाचा, नखही उमटेल इतका मऊ. कारखान्यात लोखंडी प्लेटवर खुणा करायला याच दगडाच्या कांड्या असत, तेव्हापासूनचं प्रेम. गॅसवरची कढई थेट ओट्यावर ठेवून ते माझ्याकडे बघत. "तडकला का? लिंबू पिय त्याच्यावर. डाग पडला का? अन् ओरखडा पडला तं पॉलिश पेपर मार, तेल लाव. झाला नवा." हे मी शंभरदा तरी ऐकलं असेल.

काकू गेल्या त्या हिवाळ्यात ते त्याच दगडाचा एक तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून अंथरुणात घेऊ लागले. "सकायपर्यंत गरम रायते," म्हणाले. "बोलत नाही, एवढंच."

पुढे ते महिनाभर मुलीकडे नागपूरला गेले. किल्ली माझ्याकडे होती. ओट्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं दिसलं. वाटलं, माणूस परत येईल तेव्हा निदान ओटा तरी नवा दिसावा. हथखोजच्या आमच्या वर्कशॉपमधून पॉलिश पेपर आणला, रविवारभर घासलं, तेल लावलं.

काका आले. ओट्यावर हात फिरवला.

"कोनं केलं बाबू हे?"

त्यांचा उतरलेला चेहरा बघून मी म्हणालो, "नळासाठी मिस्त्री आला होता, त्यानं."

"त्याले काय मालूम," काका हळूच म्हणाले. "तुही काकू ओट्यावरच सांभार-मिरची चिरे, खाली काही न घेता. मी जलमभर ओरडलो, दगड खराब करून राहिली म्हणून."

त्यानंतर काका कोणाच्या स्वयंपाकघरात शिरले नाहीत. आमच्याकडे येत, बाहेरच्या खोलीत बसत, चहा पिऊन जात.

काल सकाळी मीच त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. काका सुरी घेऊन सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी चिरत होते. खाली काही न घेता, ओट्यावरच.

"काका," मी म्हणालो, "मिस्त्री कोणी आला नव्हता. ओटा मी घासला. खोटंही मीच बोललो. चुकलं माझं."