सोडतीच्या पिंपातली खाट

"या पिंपातून मी निदान एक खाट काढणारच!"

हेडक्लार्क कुशाबा राऊळ हे ज्या सुरात म्हणाले, त्या सुरात माणसं किल्ले सर करायच्या शपथा घेतात. त्यांचे वरिष्ठ कर्णिकसाहेब शांतपणे म्हणाले, "काढा. पण लेखी काढा."

त्याचं असं झालं होतं. परळला क्षयाच्या रुग्णांसाठी नवा वॉर्ड बांधायचा, तर पैसा उभा करायला सरकारनं सोडत काढायचं ठरवलं. एका कंत्राटदाराशी करार झाला. चिठ्ठ्या घुसळायला, आत माणूस बसेल एवढं लोखंडी पिंप तयार झालं. त्यावर 'मुंबई सरकार – सोडत' अशी टपोरी अक्षरं रंगवली. तेवढ्यात सभागृहात कुणीतरी विचारलं, "गल्लीतल्या आकडेवाल्याला पकडता, मग तुम्ही स्वतः काय करताय?" सरकारची अशी काही गाळण उडाली, की दुसऱ्याच दिवशी करार मोडला! कंत्राटदार कोर्टात गेला आणि भरपाईचे नव्वद हजार घेऊनच उठला. ते दिले कुठून? वॉर्डासाठी राखलेल्या रकमेतून! एक तिकीट खपलं नाही, आणि चाळीस खाटा बुडाल्या.

त्या खाटांची यादी कुशाबांनीच टाइप केली होती. त्यांचा गिरणीतला धाकटा भाऊ आजारी पडला, तेव्हा जागा नाही म्हणून अठरा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर पडून होता. परत घरी आलाच नाही. तेव्हापासून खाटेचा विषय निघाला की कुशाबांचे दात आवळले जायचे.

पिंप विकायची परवानगी लेखी काढण्यात सात महिने गेले. शेवटी लालबागचा धोंडू फुटाणेवाला दाणे भाजायला ते पिंप पासष्ट रुपयांत घ्यायला तयार झाला. एक खाट साठ रुपयांना! कुशाबांनी दगडू हमालाची हातगाडी केली आणि शिवडीच्या गोदामातून पिंपाची वरात निघाली.

लालबागच्या नाक्यावर समोरून आला संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा! गाडी बरोबर मधोमध अडकली. पिंपावरची अक्षरं वाचून घोषणा थांबल्या.

"गे बाय माझे!" पुढे चाललेली गंगुबाई कडाडली. "मुंबय कोणाची ता आता चिठ्यो काढून ठरवतले?"

"पिंप समुद्रात टाका!" मागून आवाज आला.

कुशाबा गाडीवर चढले. पिंपाला मिठी मारून ओरडले, "आधी मला टाका! अहो, हे क्षयाच्या वॉर्डासाठी केलं होतं. सरकारनं करार मोडला आणि खाटा गेल्या. हे विकून एक तरी खाट घेऊ द्या!"

गिरणगावात क्षय म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. गंगुबाईनं कमरेची चंची सोडली आणि पिंपाच्या झरोक्यातून चार आणे आत टाकले. मग काय, नाण्यांची सरच कोसळली! त्यात मागच्यांना वाटलं, सोडत पुन्हा सुरू झाली. "माझा सत्तावीस लाव रे!" कुणीतरी ओरडलं.

आणि नेमकं तेवढंच हवालदारानं ऐकलं.

"जुगाराचं साहित्य! उतरा खाली!"

"अहो, हे सरकारचं आहे!"

"पकडल्यावर सगळे असंच म्हणतात."

कुशाबांवर खटला भरला, वर नोकरीतून तात्पुरती गच्छंती! एक सरकारी वकील सांगे, हे पिंप जुगाराचं. दुसरा सरकारी वकील सांगे, हे पिंप सरकारचं. दोघांची फी एकाच तिजोरीतून!

"गुन्हा कबूल करून टाका ना," घरी पत्नी शेवंतीबाई काकुळतीला आल्या. "पाच रुपये दंड होईल, नोकरी तरी वाचेल."

"कबूल केलं तर ते पैसे जुगाराचे ठरतील, शेवंती. सरकारजमा होतील. खाट जाईल!"

कोर्टात पिंप उघडलं. आत त्रेसष्ट रुपये चौदा आणे निघाले. "हे पैसे कोणाचे?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"आमचे," साक्षीला आलेली गंगुबाई म्हणाली. "खाटेक दिलव. जुगार खेळणारो जिंकूक बघता, सायबानू. हयसर इतक्या दिसांत कोण काय मागूक इलो?"

मॅजिस्ट्रेटनी हसू आवरत कुशाबांना निर्दोष सोडलं आणि त्या पैशांची खाट घ्यायचा हुकूम दिला. कोर्टकचेरीला भिऊन धोंडूनं पिंप नको म्हटलं; ते परत शिवडीला गेलं, गोदामाचं भाडं चालू झालं. कुशाबा मात्र कामावर रुजू झाले ते छाती फुगवूनच!

महिन्याभरात लोखंडी खाट आली. वॉर्डाचा मात्र अजून पायाही खणला नव्हता! म्हणून 'तूर्त' ती कुशाबांच्याच कचेरीत, खिडकीखाली ठेवली. तिथे वारा छान येतो. जेवण झालं की कर्णिकसाहेब तिच्यावर तासभर आडवे होतात.

कुशाबा तेवढ्यातच टाइपरायटर पुढे ओढतात आणि वॉर्डाबद्दलचं स्मरणपत्र खणखणीत बडवायला घेतात. काल अकरावं झालं. साहेबांनी फक्त कूस बदलली.