नाना दुर्वाहक

विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांच्या तारा तापतात, ही गोष्ट परिवहन खात्याच्या लक्षात तिसरी बस पेटल्यावर आली. खाते तत्पर होते. त्याने एका संशोधन संस्थेला सल्ला विचारला आणि संस्थेने दोनच ओळींत तो दिला : ‘तारांवर नॅनो दुर्वाहकाचा अत्यंत पातळ थर द्यावा, म्हणजे वीज बाहेर फुटणार नाही. धूर वेळीच ओळखण्यासाठी प्रत्येक बसमध्ये नॅनो अर्धवाहक बसवावेत.’

खात्यात वाहक म्हणजे तिकीट फाडणारा माणूस. वीज वाहून नेणारा पदार्थ, हा दुसरा अर्थ कुणाच्या कानावर कधी आलेला नव्हता. त्यात टंकलेखिकेला ‘नॅनो’ हे शुद्धलेखन खटकले आणि तिने ते सद्हेतूने सुधारले. दुसऱ्या दिवशी आगारात आदेश येऊन थडकला : तारांवर नाना दुर्वाहक यांचा थर द्यावा.

आगारात नाना एकच. अठ्ठावीस वर्षे नोकरी, म्हातारी धावत येताना दिसली की डबल बेल रोखून धरणारा वाहक.

“साहेब, मी दुर्वाहक कसा?” नानांनी हेडक्लार्कला विचारले.

“दुर्गंध, दुर्जन, दुर्वाहक. व्याकरण आहे हो, माझ्या मनचं काही नाही.”

“माझ्याविरुद्ध एक तक्रार दाखवा.”

“तेच म्हणतोय मी! तक्रार नसताना वरून शेरा आलाय. म्हणजे चौकशी किती खोलवर झाली असेल!”

सेवापुस्तकात तांबड्या शाईने ‘दुर्वाहक’ असा शेरा पडला. नानांना तो फार लागला. रात्री जेवताना त्यांनी तो बायकोला सांगितला.

“अहो, छापायची चूक असेल. जाऊन सांगा की,” बायको म्हणाली.

नानांनी जाऊन सांगितले. खात्याने पडताळणीसाठी मूळ पत्र मागवले, पण आदेश निघाल्यावर मूळ पत्र फाडून टाकायचे असा नियम होता आणि खात्यात पाळला जाणारा तेवढाच एक नियम होता. तरीही खाते निष्ठुर नव्हते. सहा महिन्यांत एकही अपघात झाला नाही, तर शेरा खोडण्यात येईल, असे त्याने लेखी कळवले. नानांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

थर द्यायचा म्हणजे नानांना बसमधल्या तारांच्या पेटीवर बसवायचे, हे ओघानेच आले. हरकत निघाली ती ‘अत्यंत पातळ’ या शब्दांवर, कारण नानांचे पोट सुटलेले. वैद्यकीय अधिकाऱ्याने टेप लावून ‘थर अपेक्षेपेक्षा जाड’ असे प्रमाणपत्र दिले आणि रात्रीचे जेवण बंद करण्याचा हुकूम निघाला. नाना वाळून काटकुळे झाले. ‘प्रगती समाधानकारक,’ असा अहवाल वर गेला. अर्धवाहकांची पदे मात्र रिक्तच राहिली, कारण अर्ध्या माणसाला गणवेश अख्खा द्यावा की अर्धा, यावर वित्त विभागाचे मत येत नव्हते.

मुदत संपायला चार दिवस उरले होते. भर दुपारी, गच्च भरलेल्या बसमध्ये नानांना खालून चटका बसला आणि पाठोपाठ जळका वास आला. बोंब ठोकली तर अपघाताची नोंद होणार आणि शेरा जन्माला चिकटणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. समोर एक चिमुरडी आईच्या मांडीवर झोपली होती.

नाना उठले. “गाडी थांबवा! उतरा सगळे! सामान राहू द्या!”

एक्केचाळीस प्रवासी सुखरूप उतरले. बसचा सांगाडा उरला.

चौकशीत नानांवर दोन आरोप सिद्ध झाले. एक, दुर्वाहक जागेवरून उठल्याने थर भंग पावला. दोन, धूर ओळखणे हे अर्धवाहकाचे काम असताना दुर्वाहकाने ते परस्पर केले. शिक्षा बडतर्फीची.

“जी माणसं वाचली, त्यांना तरी विचारा,” नाना म्हणाले.

खात्याने विचारले. साक्षीला यायला एकालाही सवड नव्हती. तक्रारवही मात्र सगळ्यांनी त्याच दिवशी आगारात मागवून घेतली होती : बस मध्येच थांबवल्याने खोळंबा झाला, वाहक अंगावर ओरडला, पिशव्या काढू दिल्या नाहीत. खाली सह्या चाळीस. चिमुरडीला लिहिता येत नसल्याने आईने तिचा अंगठा उमटवून घेतला आहे. सह्या घाईत केलेल्या आहेत, तरी वाचता येतात. चौदा नंबरची जरा पाहून घ्या, तुमचीच दिसते.