इंद्रजीत लेफ्ट

पहिल्यांदाच सांगून टाकतो, चूक माझी नव्हती. मी फक्त एक व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. घर सोडलं नाही, गाव सोडलं नाही, नोकरीसुद्धा सोडली नाही (ती रोज सोडावीशी वाटते, पण ते जाऊ द्या). माणसाला एवढंही स्वातंत्र्य नसेल तर मग बोलायलाच नको.

मी मूळचा वैजापूरचा. गेल्या वर्षी इथं शहरातल्या कॉलेजातून इंजिनीअर होऊन बाहेर पडलो आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागलो. आमची कॉलेजची गँग झाडून सगळी पुण्याला गेली. मागे उरलो मी आणि ‘शेवटचा बाक’ नावाचा आमचा ग्रुप. त्या ग्रुपवर मी रोज काहीतरी टाकायचो. जुने फोटो टाकायचो, ‘कसे आहात रे’ विचारायचो. चार-पाच दिवसांनी कोणीतरी एक अंगठा टाकायचा. त्या अंगठ्यावर मी आठवडा काढायचो.

दुसरा ग्रुप गल्लीचा. नाव ‘गल्ली पाणी’. आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा सण असतो, फक्त त्याची तारीख कॅलेंडरवर छापत नाहीत. लाइनमननं व्हॉल्व्ह सोडला की ज्याला आधी कळेल त्यानं ग्रुपवर ‘आलं’ असा एक शब्द लिहायचा, एवढंच त्या ग्रुपचं काम. पण प्रत्यक्षात काय? पहाटेपासून गुलाबाची फुलं. मग सुविचार. मग कोणाच्या तरी नातवाचं जावळ. एके दिवशी ‘शेवटचा बाक’वरून काही आलं असेल या आशेनं मी मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन उघडला, तर साहेबरावकाकांनी पाठवलेलं वाफाळत्या चहाच्या कपाचं चित्र! वर ‘सुप्रभात’. दुपारचे तीन वाजले होते. माझं डोकं सणकलं आणि मी ग्रुप सोडला.

संध्याकाळी घरी आलो तर घरमालकीण मनकर्णाबाई दारातच पदर खोचून उभ्या.

“इंद्रा, आमचं काय चुकलं?”

“कुठं काय चुकलं, मावशी?”

“मग कामून सोडून गेलास?”

“मी कुठं गेलो? इथंच आहे की!”

“सगळ्या गल्लीनं वाचलंय. ‘इंद्रजीत लेफ्ट’. लई वाईट वाटलं बाबा.”

तेवढ्यात समोरच्या रत्नमालाताई डबा घेऊन आल्या. या बाई शाळेत शिकवतात, त्यामुळे त्या विचारत नाहीत, थेट उलटतपासणी घेतात. “पोरीनं नाही म्हटलं का?” मी म्हटलं, “कोणत्या पोरीनं?” त्यांनी मनकर्णाबाईंकडे बघून मान हलवली. “बघा, नावही घेत नाय. म्हणजे घाव खोल आहे.” आणि डबा माझ्या हातात कोंबला. ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि माझ्यासाठी गल्लीची सहानुभूती.

मागोमाग साहेबरावकाका. एस.टी.च्या वर्कशॉपातून रिटायर झालेले, आणि ग्रुपचे ॲडमिन. ते आले, माझ्या कॉटवर बसले, चष्मा पुसला.

“हे बघ इंद्रजीत, एकटं राहिलं की माणसाच्या मनात वाईट विचार येतात. संध्याकाळी किराण्याच्या ओट्यावर येत जा. कॅरम असतो आमचा.”

आता मात्र माझा तोल गेला. मी चोवीस वर्षांचा माणूस, आणि यांच्याबरोबर ओट्यावर कॅरम? “काका, मला मित्र आहेत!”

“व्हय? कुठंयत?”

“पुण्यात.”

“आले नाय कधी.”

“येणार आहेत! याच रविवारी! सगळे!” मी ओरडलो. (तोपर्यंत मला स्वतःलाही हे माहीत नव्हतं.)

शब्द तोंडातून गेला होता. आता प्रश्न माझ्या इज्जतीचा होता. मी लगेच ‘शेवटचा बाक’वर लिहिलं, ‘रविवारी माझ्याकडे. जेवायला. येताय!’ आणि काय आश्चर्य, पाच अंगठे आले! ऋतुराजनं तर नाचणारा माणूस टाकला. ऋतुराज माझा चार वर्षांचा पार्टनर. एका वहीत दोघं शिकलो (म्हणूनच दोघांनाही बेताचे मार्क). मी आनंदानं खोली झाडली. खुंटीवर माझा निरोपाच्या दिवसाचा पांढरा शर्ट लावला. त्या दिवशी आम्ही एकमेकांच्या शर्टावर स्केचपेननं सह्या केल्या होत्या. माझ्या पाठीवर ऋतुराजनं लिहिलं होतं, ‘भाई, रोज भेटू’. तो शर्ट मी कधी धुतला नव्हता.

रविवारी सकाळी मनकर्णाबाईंचं मोठं पातेलं मागून घेतलं आणि मसालेभात केला. भात झाकला आणि पोरांना आणायला सिडको बस स्टँडवर निघालो. निघताना नळाची तोटी उघडी होती. उघडीच असते. आमच्याकडे सगळ्यांचीच असते. पाइप ड्रममध्ये सोडून ठेवायचा, म्हणजे पाणी आलं की आवाजानं कळतं. अर्थात त्यासाठी माणूस घरात असावा लागतो.

स्टँडवर पुण्याची एक गाडी आली. दुसरी आली. तिसरीतून एक ओळखीचा चेहरा उतरला, तो आमच्या कंपनीतला वॉचमन निघाला. मग ग्रुपवर मेसेज यायला लागले. एकाचं ऑफिसचं काम निघालं. एकाच्या मावसबहिणीचा साखरपुडा. दोघांनी नुसते हात जोडले. शेवटी ऋतुराजला फोन लावला.

“कुठंयस, भाई?”

“झोपलोय रे. का?”

“आज यायचं होतं ना!”

“अरे, ते खरंच होतं का? मला वाटलं, तू नेहमीसारखा टाकतोस तसं टाकलंस.”

मी फोन ठेवला. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, लपवत नाही. पण त्याहून वाईट हे की आता गल्लीत काय सांगायचं? गुपचूप मागच्या बोळातून खोलीत शिरायचं, दार लावायचं, दोन-तीन आवाजांत हसायचं आणि संध्याकाळी ‘आले, जेवले, गेले’ म्हणून सांगायचं असं ठरवलं.

मागच्या बोळात शिरलो तर पाण्याचा ओहोळ माझ्याकडे येत होता. त्यात माझी एक चप्पल होती.

माझ्या खोलीचं दार सताड उघडं. आत अख्खी गल्ली! बाहेर चपलांचा ढीग. माझी गादी भिंतीला टेकवून उभी केलेली. रत्नमालाताई साडी खोचून खराट्यानं पाणी बाहेर ढकलत होत्या. बायाबापडे माझ्या नळाखाली हंडे, कळशा, पातेली लावून रांगेत उभे होते. आणि साहेबरावकाका माझ्याच कॉटवर पाय वर घेऊन माझ्याच कपातून चहा पीत होते.

“हे काय चाललंय? माझ्या खोलीत कसे घुसलात?”

“माझ्याकडं दुसरी किल्ली असते,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “ड्रम भरला, पाइपनं उडी मारली. पाणी दाराखालून आमच्या वट्यावर आलं तवा कळलं. आज प्रेशर लई हाय, तुझ्या नळाला तर जास्तच.”

“अहो, पण पाणी आलं हे मला सांगायचं नाही का?”

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. काकांनी कप खाली ठेवला. “‘आलं’ म्हणून टाकलं होतं की. ग्रुपवर.”

मी विषय बदलायला खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी.

“माझा शर्ट?”

“तो पांढरा?” मनकर्णाबाई खूश होऊन म्हणाल्या. “पहिल्यांदा फरशी पुसली त्यानं. मग बघितलं तर डागच डाग. म्हटलं, एकटं लेकरू, कोण धुणार याचं? सोड्याच्या पाण्यात उकळून काढला. बघ कसा निघालाय!”

दोरीवर माझा शर्ट वाळत होता. बगळ्यासारखा पांढरा. पाठीवर एक अक्षर शिल्लक नव्हतं.

“मावशी, ते डाग नव्हते! सह्या होत्या! माझ्या मित्रांच्या!”

खराटा थांबला. नळाखालची कळशी भरून वाहायला लागली, तीही कोणी उचलली नाही. मनकर्णाबाईंचा चेहरा पडला. मग काकांनी नको तोच प्रश्न विचारला.

“बरं, मित्र कुठंयत?”

“रस्त्यात आहेत,” मी म्हणालो. माझा आवाज असा फुटला की कोणालाही खरं कळलं असतं. सगळ्यांना कळलंच.

काका उठले, पातेल्यावरचं झाकण उचलून वास घेतला. “ते येईस्तोवर भात गार होईल. पोरांनो, ताटं आणा.”

मी केलेला मसालेभात त्या लोकांनी माझ्यादेखत संपवला. वर नावं ठेवली! मीठ कमी, तोंडली कच्ची. रत्नमालाताईंनी तर मला दालचिनी कधी घालतात यावर अख्खा तास घेतला. कोणी घरून दही आणलं, कोणी पापड भाजून आणले. जागा नव्हती म्हणून निम्मे लोक ओल्या ओट्यावर पाय सोडून बसले. गल्लीतलं प्रत्येक भांडं काठोकाठ भरलेलं होतं आणि म्हणून सगळेच हसत होते. मनकर्णाबाईंनी मला तीनदा वाढलं, दरवेळी “शर्टाचं मनावर घेऊ नको रे” म्हणून. मी संतापलेलोच होतो, हे लक्षात घ्या. पण पोटभर जेवलो. कॉलेज सुटल्यापासून इतक्या माणसांत बसून जेवलो नव्हतो. बरं वाटलं. आता वाटलं त्याला मी काय करू?

संध्याकाळी कॅरम खेळायला गेलो. काकांनी मला हरवलं. राणी घेताना हात पट्टीच्या पुढं गेला होता, मी स्वतः पाहिलं. रोज जातो आता, तो हात पकडायलाच जातो. ‘गल्ली पाणी’मध्ये परत घेतलं मला. सकाळी मीही एक गुलाब टाकतो, नाही टाकला तर चौकशीला येतात.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण परवा रत्नमालाताईंनी फोटो दाखवायला फोन हातात दिला आणि वर एक मेसेज आला. ग्रुपचं नाव ‘इंद्रजीतकडं लक्ष’. मी उघडला (उघडणारच!). गल्लीतले सगळे त्यात होते. ‘कंपनीत गेला. तोटी उघडीच. मी बंद केली.’ ‘आज डब्यातली भेंडी टाकली.’ ‘फोनकडं बघून हसला, कोण असंल?’ माझ्या पाठीमागे हा धंदा कधीपासून? मी वर जाऊन तारीख पाहिली. मी ग्रुप सोडला त्याच दुपारची होती. आणि ॲडमिन कोण? वैजापूरची माझी आई!

मी तडक काकांकडे गेलो. “मला त्या ग्रुपमध्ये घ्या.”

“तुला कसं घेणार? तिथं तुझ्याविषयी बोलायचं असतंय.”

“मग तर मला घेतलंच पाहिजे!”

“ते ॲडमिनला विचार.”

मी आईला फोन लावला. हक्कानं सांगितलं, रागावलो, शेवटी विनवण्या केल्या. आई म्हणाली, “थांब, ग्रुपवर विचारते.”

रीतसर मतदान झालं. मी पडलो. विरोधातलं पहिलं मत आईचं होतं.